हप्ता कुठे जातो? सिक्युरिटायझेशनच्या कामात नव्याने पडणाऱ्यांसाठी

समजा, बारामतीकडच्या एकाने जुना टेम्पो घ्यायला फायनान्स कंपनीकडून पाच लाखांचं कर्ज काढलं. दर महिन्याच्या पाच तारखेला त्याच्या खात्यातून हप्ता वळता होतो. वर्षभराने त्या कर्जाचा मालक बदलतो आणि टेम्पोवाल्याला त्याची गंधवार्ताही नसते. हप्ता तोच, तारीख तीच, हप्ता चुकला तर दारात येणारा वसुलीचा पोरगाही तोच. फक्त पैसे आता मुंबईतल्या एका ट्रस्टच्या खात्यात जातात आणि तिथून एखाद्या बँकेकडे किंवा म्युच्युअल फंडाकडे.

अशी हजारो कर्जं एकत्र बांधून त्यांच्या येणाऱ्या हप्त्यांवर रोखे काढायचे, म्हणजे सिक्युरिटायझेशन. सीए, वकील किंवा एमबीए होऊन एनबीएफसीच्या (म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपनीच्या) ट्रेझरीत, ट्रस्टी कंपनीत, लॉ फर्ममध्ये किंवा रेटिंग एजन्सीत नुकत्याच लागलेल्या माणसाच्या टेबलावर पहिल्याच आठवड्यात या व्यवहाराच्या दस्तांचा गठ्ठा येऊन पडतो. तो पहिल्या पानापासून वाचायला घेतलात तर व्याख्यांच्या तिसऱ्या पानावर झोप लागेल. त्यापेक्षा हप्त्याच्या मागे जा. प्रत्येक कलमाला दोनच प्रश्न विचारा: हा रुपया या घटकेला कोणाच्या खात्यात आहे? आणि ते खातं ज्याचं आहे तो उद्या बुडाला, तर हा रुपया कोणाचा? कायदा आणि अर्थकारण, दोन्ही या दोन प्रश्नांतच येतं.

पहिली पायरी: कोण कोण आहे ते ओळखा

कर्ज देणारी मूळ कंपनी म्हणजे ओरिजिनेटर. तिने कर्जांचा पूल, म्हणजे एकत्र बांधलेल्या कर्जांचा संच, ज्याला विकला तो ट्रस्ट. हा ट्रस्ट भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खाली स्थापन होतो, आणि एखादी ट्रस्टी कंपनी हजार-पाचशे रुपयांच्या नाममात्र रकमेने तो उभा करते. ट्रस्टला ऑफिस नसतं, नोकर नसतात, दुसरा धंदा नसतो. तसं मुद्दामच ठेवलेलं असतं. ज्याला दुसरा धंदाच नाही, त्याला दुसऱ्या कारणाने बुडायला वाव नाही. ट्रस्ट गुंतवणूकदारांना पास-थ्रू सर्टिफिकेट देतो, बाजारात त्याला सगळे पीटीसी म्हणतात. गुंतवणूकदारांकडून आलेली रक्कम ट्रस्ट ओरिजिनेटरला पूलची किंमत म्हणून देतो.

राहिला सर्व्हिसर, म्हणजे हप्ते गोळा करणारा. भारतात हे काम जवळजवळ नेहमी ओरिजिनेटरच करतो. नवखी माणसं नेमकी याच ओळीवरून पुढे सरकतात. ज्याने कर्ज विकलं त्याच्याच हातात दर महिन्याला पैसे येत राहतात, ही या सगळ्या रचनेतली सर्वांत नाजूक जागा आहे. पुढे तिच्यावर बराच वेळ घालवणार आहे.

पीटीसीचा एक चुलतभाऊही आहे: डायरेक्ट असाइनमेंट, बोलीभाषेत डीए. यात ट्रस्ट नाही, रोखे नाहीत. एक बँक दुसऱ्याकडून पूलचा हिस्सा थेट विकत घेते. विकणाऱ्याला यात तोट्याचं संरक्षण, म्हणजे क्रेडिट एन्हान्समेंट, देता येत नाही. कर्जं बुडाली तर बँक आपल्या हिश्शापुरती बुडाली.

दुसरी पायरी: हा खटाटोप कशासाठी, ते विचारा

प्रत्येक पक्षाचा स्वार्थ कळला की अटी कुठून आल्या ते आपोआप कळतं.

एनबीएफसीला ठेवी घेऊन स्वस्तात पैसा उभारणं बहुतेक वेळा शक्य नसतं. ती बँकांकडून कर्ज घेऊन पुढे कर्ज देते. कंपनीचं स्वतःचं रेटिंग 'ए' असेल तर व्याज चढं. पण तिने दिलेली दोन हजार टेम्पोकर्जं वेगळी काढून, तोट्याची उशी (तोटा आधी झेलणारी रक्कम) लावून, ट्रस्टमध्ये ठेवली, तर त्या पूलच्या पीटीसीला 'एए' किंवा 'एएए' मिळू शकतं. म्हणजे कंपनीपेक्षा तिची कर्जंच जास्त पतवान ठरतात. शिवाय तीन वर्षांनी येणारे पैसे आज हातात पडतात, त्यातून नवी कर्जं देता येतात.

बँकेचा स्वार्थ निराळा. तिला एकूण कर्जांपैकी ४० टक्के प्राधान्य क्षेत्राला द्यावी लागतात. खेडोपाडी शाखा उघडून मायक्रोफायनान्स करण्यापेक्षा ज्याने ते आधीच केलंय त्याचा पूल विकत घेणं सोपं. त्यामुळे मार्च महिना जवळ आला की या बाजारात लगीनघाई सुरू होते आणि चांगल्या प्राधान्य-क्षेत्र पूलवर बँका तुटून पडतात. अशा वेळी व्याजदर जोखमीपेक्षा उद्दिष्टावर ठरतो. हे मला फारसं निरोगी वाटत नाही, पण बाजार असाच चालतो.

भारतातला पहिला व्यवहार १९९१ चा मानला जातो: सिटीबँकेच्या वाहनकर्जांचा पूल जीआयसी म्युच्युअल फंडाने घेतला. त्यानंतरची बरीच वर्षं बाजार कूर्मगतीने चालला. सप्टेंबर २०१८ मध्ये पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी आयएल अँड एफएस कोलमडली आणि एनबीएफसींना साधं कर्ज द्यायला कोणी धजेना. त्या कोंडीत कंपनीवर विश्वास नसला तरी तिच्या पूलवर ठेवता येतो, हे सगळ्यांच्या लक्षात आलं आणि व्यवहारांचा आकडा एकदम फुगला. जुलै २०२३ च्या विलीनीकरणानंतर एचडीएफसी बँकेचं ठेवींच्या तुलनेत कर्ज जास्त झालं, तेव्हा तिनेही २०२४-२५ मध्ये वाहनकर्जांचे मोठे पूल पीटीसी करून विकले. म्हणजे आता विकणाऱ्यांत फक्त पैशाची चणचण असलेलेच आहेत असं नाही.

तिसरी पायरी: पूल उघडून बघा

तुम्हाला एक्सेलची फाइल मिळेल; एका ओळीत एक कर्ज. कर्जदाराचा पिन कोड, मूळ रक्कम, शिल्लक रक्कम, व्याजदर, किती हप्ते झाले, किती राहिले, थकबाकी किती दिवसांची. ही फाइल एका ठरावीक तारखेची असते, तिला कट-ऑफ डेट म्हणतात. त्या तारखेनंतरचा प्रत्येक हप्ता ट्रस्टचा.

इथे रिझर्व्ह बँकेचे नियम आडवे येतात. त्यांचा आजचा साचा २४ सप्टेंबर २०२१ च्या निर्देशांतून आला. कामाला लागण्यापूर्वी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरची ताजी आवृत्ती काढून वाचा, कारण सुधारणा होत राहतात. गाभा असा:

- कर्ज दिलं आणि दुसऱ्या दिवशी विकलं, असं चालत नाही. दोन वर्षांपर्यंतच्या मुदतीचं कर्ज किमान तीन महिने आणि त्याहून मोठ्या मुदतीचं किमान सहा महिने स्वतःकडे ठेवावं लागतं.
- विकल्यावरही ओरिजिनेटरने हात झटकायचे नाहीत. मूळ मुदत २४ महिन्यांपर्यंत असेल तर पूलच्या ५ टक्के आणि त्याहून जास्त असेल तर १० टक्के जोखीम त्याने स्वतःकडे ठेवायची. गृहकर्जांसाठी मुदत काहीही असो, ५ टक्के.
- क्रेडिट कार्डासारखी फिरती उधारी पूलमध्ये चालत नाही. सिक्युरिटायझेशनच्या रोख्यांचं पुन्हा सिक्युरिटायझेशन करायलाही बंदी आहे.

शेवटचे दोन नियम २००८ च्या अमेरिकी धड्यातून आले आहेत हे उघड आहे. तिथे घरकर्ज देणाऱ्याला ते बुडतं की तरतं याच्याशी देणंघेणं उरलं नव्हतं आणि रोख्यांवर रोखे चढवल्यामुळे तळाशी काय आहे ते कोणालाच दिसत नव्हतं.

नियमांची खूणगाठ झाली की फाइलवर पिव्हट टेबल लावा आणि सगळ्यांत आधी पिन कोड बघा. रक्कम, व्याजदर हे सगळेच बघतात. भूगोल बघायचा राहून जातो. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर विदर्भातल्या काही जिल्ह्यांत मायक्रोफायनान्सची वसुली कोसळली. आधी रोकड नव्हती म्हणून. आणि नंतर कर्जमाफी होणार अशी हवा पसरली म्हणून. ज्या पूलमध्ये एकाच पट्ट्यातली कर्जं खच्चून भरली होती त्यांची उशी पहिल्यांदा फाटली. हजार कर्जदार म्हणजे हजार वेगळ्या जोखमी, हे गणित कागदावर बरोबर असतं. पण हजारही बायका एकाच तालुक्यातल्या असल्या आणि एकाच अफवेने थांबल्या, तर ती एकच जोखीम झाली.

दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या पूलची वसुलीची आकडेवारी मागून घ्या. आजचा पूल साफ दिसणारच. साफ कर्जं निवडूनच तो बनवला आहे. त्याच कंपनीने दोन-तीन वर्षांपूर्वी दिलेली कर्जं बाराव्या, अठराव्या महिन्यात कशी वागली, ते खरं.

चौथी पायरी: विक्री खरोखर झाली का, ते तपासा

हा कायद्याचा गाभा आहे, इथे घाई करू नका.

कर्जवसुलीचा हक्क म्हणजे कायद्याच्या भाषेत दावायोग्य हक्क. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १३० नुसार त्याचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावं लागतं. कर्जदाराची संमती लागत नाही. पण त्याच कलमात एक मेख आहे: कर्जदाराला हस्तांतरणाची नोटीस मिळाली नसेल, तर त्याने जुन्या धनकोला दिलेले पैसे वैध धरले जातात. आपल्या टेम्पोवाल्याने हप्ता फायनान्स कंपनीला दिला की त्याचं देणं फिटलं. कंपनीने तो ट्रस्टला पोहोचवला की नाही, याची झळ त्याला नाही. व्यवहारात नोटीस पाठवतच नाहीत. म्हणून दस्तात कुलमुखत्यारपत्र असतं. सर्व्हिसर गडबड करू लागला तर ट्रस्टीने स्वतः सगळ्या कर्जदारांना नोटीस काढायची सोय. ते कुलमुखत्यारपत्र सहीचं आणि रीतसर मुद्रांकाचं आहे का, ते बघा. पुष्कळदा 'नंतर करू' म्हणून राहतं.

बँकांना कर्जं एकमेकांना विकताच येत नाहीत, असा निकाल एकदा गुजरात उच्च न्यायालयाने दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आयसीआयसीआय बँक विरुद्ध एपीएस स्टार इंडस्ट्रीजच्या अधिकृत परिसमापकाच्या खटल्यात तो फिरवला, त्यामुळे त्या बाजूने आता घोर नाही. घोर आहे तो 'ट्रू सेल'चा. दस्तावर विक्री लिहिलं म्हणून ती विक्री होत नाही. ओरिजिनेटर मनाला येईल तेव्हा कर्जं परत घेऊ शकतो का? तोटा झाला तर ठरलेल्या उशीच्या पलीकडेही तो भरून द्यायला बांधील आहे का? उत्तर 'हो' असेल, तर कोर्ट म्हणू शकतं की ही विक्री नाही, पूल तारण ठेवून घेतलेलं साधं कर्ज आहे. तसं झालं, तर ओरिजिनेटर दिवाळखोरीत गेल्यावर गुंतवणूकदारही इतर धनकोंच्या रांगेत जाऊन उभा राहतो. म्हणून प्रत्येक व्यवहारात वकिलाचं ट्रू सेलचं मत घेतात. ते मत वाचताना शेवटची गृहीतकांची यादी आधी वाचा. सगळी गंमत तिथे असते.

कागदावरची ही भीती प्रत्यक्षात कशी दिसते, ते मुंबईने २०१९ मध्ये पाहिलं. डीएचएफएल ही मोठी गृहकर्ज कंपनी अडचणीत आली. तिच्या रोखेधारकांपैकी एका म्युच्युअल फंडाने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने कंपनीला धनकोंना पैसे देण्यास मनाई केली. धनकोंमध्ये भेदभाव होऊ नये हा हेतू. पण डीएचएफएलने आधी विकलेल्या पूलचे हप्तेही तीच गोळा करत होती आणि मनाईच्या कचाट्यात तेही सापडले. कर्जदार नेमाने हप्ते भरत होते. पैसे कायद्याने ट्रस्टचे होते, तरी पीटीसीधारकांपर्यंत पोहोचेनात, आणि रेटिंग एजन्सींची धावपळ उडाली. न्यायालयासमोर बाजू मांडल्यावर नोव्हेंबरात पूलच्या पैशांपुरती वाट मोकळी झाली. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने कंपनीचं संचालक मंडळ बरखास्त केलं आणि डिसेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली.

त्या दोन महिन्यांत ट्रू सेलचा कायदा टिकला. पण वेळेवर पैसे मिळण्याची हमी टिकली नाही. दिवाळखोरी संहितेच्या कलम १८ नुसार दुसऱ्याच्या मालकीची, न्यास म्हणून सांभाळलेली मालमत्ता दिवाळखोर कंपनीच्या मालमत्तेत धरत नाहीत. ते खरंच आहे. पण 'हे पैसे माझे नाहीत' हे सिद्ध करायला वकील लागतो, तारीख लागते. तोवर हप्ता चुकलेला असतो.

म्हणून दस्तातलं खात्यांचं कलम काढा. हप्ते आधी ओरिजिनेटरच्या सर्वसाधारण खात्यात येतात का? तिथून ट्रस्टच्या कलेक्शन अँड पेआउट खात्यात किती दिवसांनी जातात? काही व्यवहारांत रोजच्या रोज, काहींत महिन्यातून एकदा. महिनाभर ट्रस्टचे पैसे ओरिजिनेटरच्या पैशांत मिसळून पडले असतील तर कोणता रुपया कोणाचा हे कोर्टाला सांगणं अवघड. मला विचाराल, तर रेटिंगच्या अक्षरांपेक्षा मी हे कलम आधी वाचतो. सर्व्हिसर बदलण्याची तरतूद कधी लागू होते, ते त्याच्या पाठोपाठ.

गृहकर्जांमध्ये अजून एक भानगड आहे. तारण स्थावर मालमत्तेचं असल्याने हस्तांतरणाची नोंदणी आणि मुद्रांक शुल्क हे दोन्ही विषय डोकं वर काढतात. महाराष्ट्रात कर्जांच्या हस्तांतरणासाठी सवलतीचा दर आणि कमाल मर्यादा आहे. प्रत्येक राज्यात तसं नाही. दस्त कुठे सही करायचा यावर मुंबईत एवढा खल का होतो, त्याचं हे एक कारण.

पाचवी पायरी: वॉटरफॉल स्वतः कागदावर मांडा

पैसे आले की ते कोणाला, कोणत्या क्रमाने द्यायचे, याला वॉटरफॉल म्हणतात. मॉडेल बनवणाऱ्याची एक्सेल उघडण्यापूर्वी एका महिन्याचा हिशेब हाताने करा. आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले.

पूल १०० कोटींचा, सरासरी व्याज १६ टक्के. त्यापैकी पीटीसी ९० कोटींची, ९.५० टक्क्यांची. वरचे १० कोटी ओरिजिनेटरचे. हे ओव्हरकोलॅटरल, आणि यातूनच त्याची १० टक्के जोखमीची अटही भागते. शिवाय ६ कोटींची मुदत ठेव बाजूला, ट्रस्टच्या नावे लिएन (बोजा) करून ठेवलेली. ती कॅश कोलॅटरल.

पहिल्या महिन्यात कर्जदारांकडून येणं: व्याज सुमारे १ कोटी ३३ लाख, मुद्दल ३ कोटी. एकूण ४ कोटी ३३ लाख. देणं: ट्रस्टी आणि सर्व्हिसरची फी धरा ३ लाख, पीटीसीचं व्याज ७१ लाख २५ हजार, आणि पूलच्या मुद्दलाएवढंच मुद्दल, ३ कोटी. एकूण ३ कोटी ७४ लाख.

फरक सुमारे ५९ लाख. याला एक्सेस इंटरेस्ट स्प्रेड म्हणतात, आणि खरी पहिली उशी हीच. सगळे हप्ते आले तर हे ५९ लाख ओरिजिनेटरकडे परत जातात. वसुली ९५ टक्के झाली तर हातात ४ कोटी १२ लाख. देणं भागून ३७-३८ लाख उरतात. साधारण ८६ टक्क्यांपर्यंत वसुली घसरली तरी गुंतवणूकदाराला काही कळतही नाही. ८० टक्के झाली, तर २७-२८ लाखांचा खड्डा पडतो आणि तेवढी रक्कम कॅश कोलॅटरलमधून काढावी लागते.

आता पंधरा-सोळा महिने पुढे सरका. पीटीसीला पूलच्या मुद्दलाएवढं मुद्दल मिळत गेल्याने वरचे १० कोटी तसेच राहतात. पूल ५० कोटींवर आला तेव्हा पीटीसी ४० कोटी. म्हणजे सुरुवातीची १० टक्के उशी आता २० टक्के झाली. उलट व्याजाचा फरक रुपयांत आटत जातो, कारण व्याज देणारी रक्कमच कमी झाली. एक उशी जाड होते, दुसरी पातळ. पूलच्या वयाप्रमाणे कोणती उशी कामाची, हे ज्याला सांगता येतं त्याला वॉटरफॉल समजला.

दस्तात अजून एक बारकावा बघा. मुद्दल दर महिन्याला देण्याचं वचन आहे, की शेवटच्या तारखेपर्यंत कधीही? पहिल्या प्रकाराला बाजारात टीआयटीपी म्हणतात, दुसऱ्याला टीआययूपी. दुसऱ्या प्रकारात एखाद्या महिन्यात मुद्दल कमी आलं तरी तो कसूर धरत नाहीत. रेटिंगही त्या वचनापुरतंच असतं. रेटिंगच्या शेवटी 'एसओ' अशी अक्षरं दिसतील. हे रेटिंग कंपनीचं नसून रचनेचं आहे, याची ती खूण.

आणि मुदतपूर्व फेड विसरू नका. व्याजदर उतरले की गृहकर्जदार दुसऱ्या बँकेत कर्ज वळवतो. पैसे बुडत नाहीत, उलट लवकर परत येतात, पण ते परत आल्यावर जुना दर कुठे मिळणार? गृहकर्जांची पीटीसी भारतात मागे राहिली त्याला हे एक मोठं कारण. ती कोंडी फोडण्यासाठी राष्ट्रीय आवास बँकेच्या पुढाकाराने आरएमबीएस (गृहकर्जांवरचे रोखे) डेव्हलपमेंट कंपनी उभी राहिली, आणि मे २०२५ मध्ये एलआयसी हाउसिंग फायनान्सच्या गृहकर्जांवरची १,००० कोटींची पीटीसी राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदली गेली.

सहावी पायरी: कर आणि हिशेबाची पुस्तकं

कराचा विषय एकेकाळी डोकेदुखीचा होता. कर कोणी भरायचा, ट्रस्टने की गुंतवणूकदाराने, यावरून आयकर खातं ट्रस्टच्या मागे लागलं होतं आणि म्युच्युअल फंडांनी या बाजाराकडे पाठ फिरवली होती. २०१३ मध्ये ट्रस्टने वाटलेल्या रकमेवर कर बसवला, त्याने कोणीच खूश झालं नाही. २०१६ च्या वित्त कायद्याने तो काढून सरळ मार्ग धरला: ट्रस्ट करापुरता पारदर्शक, उत्पन्न थेट गुंतवणूकदाराचं. गुंतवणूकदाराला पैसे देताना ट्रस्ट टीडीएस कापतो. तो पूर्वी व्यक्तींना २५ आणि इतरांना ३० टक्के होता. १ एप्रिल २०२५ पासून निवासी गुंतवणूकदारांसाठी १० टक्के झाला.

हिशेबाच्या पुस्तकात मात्र नवख्यांची हमखास फसगत होते. कायद्याने कर्ज विकलं, वकिलाने ट्रू सेलचं मत दिलं, तरी इंड एएस (भारतीय हिशेब मानकं) पाळणाऱ्या एनबीएफसीच्या ताळेबंदात ती कर्जं तशीच दिसतात, आणि पीटीसीतून आलेला पैसा कर्ज म्हणून देणी बाजूला. कारण हिशेबाचं मानक मालकीपेक्षा जोखीम कोणाकडे राहिली ते बघतं, आणि उशी देऊन ओरिजिनेटरने बरीचशी जोखीम स्वतःकडेच ठेवलेली असते. डीएमध्ये उशी नसल्याने कर्जं ताळेबंदातून उतरतात आणि पुढच्या काही वर्षांचा नफा बऱ्याच अंशी एकाच तिमाहीत दिसू शकतो. एखाद्या एनबीएफसीचा नफा मार्च तिमाहीत अचानक फुगला तर डीए किती केलं ते आधी बघा.

सातवी पायरी: दर महिन्याचा अहवाल वाचायची सवय

व्यवहार झाला, पार्टी झाली, फाइल कपाटात गेली, असं करू नका. दर महिन्याला ट्रस्टी पेआउट रिपोर्ट काढतो. त्यात तीन रकाने पुरेसे आहेत: चालू महिन्याच्या हप्त्यांपैकी किती आले, नव्वद दिवसांवरची थकबाकी किती, आणि कॅश कोलॅटरलला हात लागला का. वसुलीचा आकडा वाचताना एक खोच लक्षात ठेवा. काही जण मागची थकबाकी आणि आगाऊ फेडही त्यात मिळवून टाकतात आणि वसुली १०० टक्क्यांच्या वर गेलेली दिसते. फक्त चालू हप्त्यांचा आकडा वेगळा मागा.

मार्च ते ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जदारांना हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, तेव्हा हे दस्त लिहिणाऱ्यांपैकी कोणाच्याही डोक्यात नसलेला प्रश्न उभा राहिला: कर्जदाराला सूट मिळाली, म्हणजे पीटीसीधारकालाही थांबावं लागणार का? दस्तात उत्तर नव्हतं. ट्रस्टींना गुंतवणूकदारांची संमती गोळा करत फिरावं लागलं. कोणी मान्य केलं, कुठे कॅश कोलॅटरलमधून भरणा झाला. त्यानंतरच्या दस्तांत अशा प्रसंगासाठी कलमं आली. नवा दस्त हातात आला तर ते कलम शोधा. ते किती नेमकं लिहिलंय त्यावरून वकिलाची पारख होते.

गुंतवायला निघालेल्यांसाठी दोन शब्द

ही बाजारपेठ मुळात बँका, म्युच्युअल फंड, विमा कंपन्यांची आहे. रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतल्या संस्थांच्या पीटीसीत किमान रक्कम एक कोटी रुपये आहे. मोबाइलवरच्या मंचांवरून 'तारण असलेली, महिन्याला उत्पन्न देणारी' म्हणून काही विकायला आलं, तर आधी विचारा: हे सेबीच्या २००८ च्या सिक्युरिटायझेशन विनियमांखाली नोंदलेलं आहे का, ट्रस्टी कोण, आणि पूलमध्ये कर्जदार हजार आहेत की तीन? तीन कंपन्यांच्या बिलांवर काढलेला कागद म्हणजे त्या तीन कंपन्यांना दिलेली उधारी आहे. ट्रस्टचं वेष्टन घातल्याने तिची जोखीम बदलत नाही.

आणि ज्याचं कर्ज विकलं गेलं त्याने काय करावं?

बहुधा काहीच नाही. व्याजदर, हप्ता, मुदत यांपैकी काहीही विक्रीमुळे बदलू शकत नाही; ट्रस्टला कर्जासोबत तोच करार मिळतो, त्याहून जास्त काही नाही. नव्या खात्यात हप्ता भरा असं पत्र आलं, तर मूळ कंपनीच्या शाखेत जाऊन खात्री करून घ्या, फोनवरच्या माणसावर विसंबू नका. कर्ज फिटलं की ना-हरकत दाखला सर्व्हिसरकडूनच घ्यायचा, आणि क्रेडिट रिपोर्टवर खातं बंद झाल्याचं दोन महिन्यांत दिसतंय का ते तपासायचं. घरकर्ज असेल तर मूळ कागदपत्रं पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत परत मिळायला हवीत. उशीर धनकोच्या बाजूने झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद ट्रस्टीच्या कस्टोडियनकडे आहेत, मागवायला वेळ लागेल, असं शाखेतून सांगितलं जाईल. तो त्यांच्यातला व्यवहार. तुम्ही अर्जाची पोच घ्या आणि दिवस मोजायला लागा.